जावेचं नाव न घेण्याचा सत्याग्रह

माझी नात म्हणते, आजी, आठवणी लिही, पण कुणाचं नाव घालू नकोस, लोक भांडायला येतात. नावावरून भांडण कसं होतं हे तिनं मला शिकवावं म्हणजे कमालच आहे. मी एका नावावरून वर्षानुवर्षं भांडलेली बाई आहे, आणि ते नाव माझं नव्हतंच, माझ्या धाकट्या जावेचं होतं. तिला दोन नावं होती, एक माहेरचं आणि एक सासरचं. नातीच्या धाकानं दोन्ही लिहीत नाही. माहेरचं नाव नदीचं होतं एवढं सांगते. सासरचं कुठून आलं ते पुढं येईलच.

मी तेव्हा नांदेडला मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते आणि स्वतःला फार पुढारलेली समजत होते. कॉलेजात असताना बायकांच्या एका शिबिराला गेले होते, तिथून हा ताप अंगात शिरला. तिथल्या एक बाई म्हणाल्या, लग्नात मुलीचं नाव बदलणं म्हणजे दुकान विकल्यावर पाटी बदलणं. वाक्य मला इतकं आवडलं की परतीच्या एसटीत मी ते शेजारच्या प्रवाशाला माझं म्हणून ऐकवलं. तो म्हणाला, हाव, आमच्याबी दुकानाची पाटी बदलायचीय.

आमच्याकडे नवी सून घरात आली की लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरतात. नवरा अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. ताट सगळ्यांपुढून फिरतं, पेढे वाटले जातात, आणि काल जिला एका नावानं हाक मारत होते तिला आजपासून दुसऱ्या. माझ्या वेळी मी साखरपुड्यातच यजमानांना बजावून ठेवलं होतं की तांदळात काही लिहायचं झालं तर माझंच नाव लिहायचं. त्यांनी निमूटपणे तेच लिहिलं. सासूबाईंनी ताटात डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "अरे, हे तर हिचं आधीचंच. विसरलास का?"

"तेच बरंय की," ते म्हणाले.

सासूबाईंनी मला अर्धा पेढा दिला. एवढ्यावर लढाई संपली. मी महिनाभर तयार केलेली भाषणं तोंडातच राहिली. इतक्या सहज जिंकल्यामुळं माझ्याकडं न वापरलेलं तत्त्व भरपूर शिल्लक होतं, आणि ते कुणावर तरी वापरल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं.

ती कुणी तरी म्हणजे माझी जाऊ. देगलूरकडच्या एका खेड्यातली, दहावी झालेली, बोलण्यात अधूनमधून तेलुगू शब्द टाकणारी, हसताना पदर तोंडावर घेणारी मुलगी. दिरानं तांदळात नवं नाव लिहिलं, ताट फिरलं, सगळ्यांनी नाव वाचलं, "छान, छान" म्हणाले. माझ्यापुढं ताट आलं तेव्हा मी तोंड फिरवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात नव्या नवरीला नदीच्या नावानं हाक मारून म्हटलं, "ये, माझ्याशेजारी बस."

मांडवात शांतता पसरली. मला ती शांतता फार गोड वाटली. ती पोर मात्र ताटाकडं बघत होती, मघाशी ते नाव वाचताना जशी बघत होती तशीच, आणि तिच्या चेहऱ्यावर काय होतं हे बघायला मला सवड नव्हती. मी सासूबाईंचा चेहरा बघत होते.

चार दिवसांनी ती स्वयंपाकघरात माझ्याजवळ आली.

"अक्का, मला नव्या नावानं हाक मारा की."

"का? तुला तुझं नाव नाही का?"

"हाय की. तेच सांगून राहिले."

"ते तुझ्यावर लादलंय."

"लादलं न्हाई अक्का, ते म्या..."

"तुला आत्ता नाही कळायचं," मी म्हटलं. "पुढं कळेल."

ती काही तरी सांगणार होती हे मला तेव्हा दिसत होतं. पण मी वर्गात मुलींना सांगायची सवय झालेली बाई. समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचं असतं, ही गोष्ट आमच्या अभ्यासक्रमात नव्हती.

घरात सगळे तिला नव्या नावानं बोलवत, मी एकटी जुन्या. सासूबाई एकदा पापड लाटता लाटता म्हणाल्या, "तू तिला हाक मारतीस का माझ्याशी भांडतीस?"

"दोन्ही," मी म्हटलं.

"मग माझ्याशी भांडायचं असलं तर मला हाक मार. तिला कशाला मधी बोलवतीस?"

मी ते सासूबाईंचं अज्ञान म्हणून सोडून दिलं.

चळवळ घरात मावेना तेव्हा मी गल्लीत नेली. हळदीकुंकवाला मी प्रत्येक बाईला माहेरच्या नावानं आमंत्रण दिलं. शेजारणीचे यजमान दारात येऊन म्हणाले, "बाई, तुम्ही ज्यांना बोलावलंय त्या आमच्याकडं राहत न्हाईत." पलीकडच्या म्हातारीला स्वतःचं माहेरचं नावच आठवेना. दोन दिवसांनी आठवलं तशी ती थेट शाळेत आली आणि माझा तास चालू असताना वर्गाच्या दारातून नाव सांगून निघून गेली. मुलींना वाटलं परीक्षेचं काही महत्त्वाचं असेल, त्यांनी वहीत उतरून घेतलं.

पुढं दिराला लातूरला आडत दुकानात नोकरी लागली आणि ती दोघं तिकडं राहायला गेली. मला वाटलं, चला, आता भेटतील तेव्हाच हाक मारायची, सत्याग्रह स्वस्तात चालेल.

मग भूकंप झाला. औशाकडच्या गावांत त्या दिवशी काय झालं ते मी इथं लिहीत नाही. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं आणि आजही नाही. नांदेडलाही भांडी पडली होती, आम्ही अंगणात उभे होतो. उजाडल्यावर रेडिओवर लातूरचं नाव ऐकलं, फोन लागेना, तसे यजमान आणि मी मिळेल त्या गाडीनं निघालो. लोहा, अहमदपूर, चाकूर. प्रत्येक स्टँडवर नवीन बातमी, आधीच्यापेक्षा वाईट. यजमान खिडकीतून बाहेर बघत होते.

दिराच्या खोलीला कुलूप होतं आणि भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता. शेजारपाजारचं कुणी नव्हतं. रस्त्यातल्या एकानं सांगितलं की लोक शाळेच्या मैदानावर आहेत आणि जखमींना सरकारी दवाखान्यात नेलंय. यजमान म्हणाले, "मी दवाखान्यात बघतो, तू मैदानावर बघ." हे सांगताना त्यांचा आवाज असा झाला होता की मी तशीच मैदानाकडं निघाले.

मैदानावर अख्खं शहर येऊन बसलं होतं. ताडपत्र्या, सतरंज्या, खाटा, पिंजऱ्यातला पोपट, एकानं तर देव्हारा उचलून आणला होता. एका कोपऱ्यात टेबलावर माईक घेऊन स्वयंसेवक बसला होता आणि हरवलेल्यांची नावं पुकारत होता. मी त्याच्याकडं धावले.

"नाव सांगा बाई."

मी नाव सांगितलं. नदीचं.

आता इथं कुणीही शहाण्या बाईनं दुसरं नाव सांगितलं असतं. निदान दोन्ही तरी सांगितली असती. किंवा दिराचं सांगितलं असतं. पण माझी जीभ इतकी वर्षं एकाच वळणावर पडलेली, ती तिकडंच गेली. स्वयंसेवकानं पुकारलं, तुम्ही जिथं असाल तिथून माईकजवळ या, तुमचे नांदेडचे नातेवाईक आलेत. कुणी आलं नाही. त्यानं पुन्हा पुकारलं. मग थोड्या वेळानं परत. दर खेपेला त्याचा आवाज जास्त मऊ होत गेला, आणि शेवटी त्यानं माईक बाजूला ठेवून मला पाण्याचा ग्लास दिला.

"बसा बाई," तो म्हणाला. "बसा खाली."

त्या "बसा खाली"नं माझा धीर सुटला. मी ग्लास तिथंच ठेवला आणि ताडपत्र्यांमधून रडत सैरावैरा चालू लागले. माईकपासून हाकेच्या अंतरावर, तीन दगडांच्या चुलीपुढं, माझी जाऊ भाकरी थापत बसली होती. तिच्या मागं सतरंजीवर दीर घोरत पडले होते.

"तू इथं आहेस?"

"इथंच हाय की सकाळधरनं," ती म्हणाली. "अक्का, तुम्ही रडून राहिलात का?"

"अगं, माईकवर तुझं नाव घेऊन घेऊन त्याचा घसा बसला. ऐकलं नाहीस?"

"ऐकलं."

"मग?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "त्या नावाच्या लातुरात लई बाया असतील म्हणलं."

"नांदेडचे नातेवाईक म्हणाला की तो."

"हाव. तेव्हा जरा वाटलं." भाकरी उलटली. "पर म्हणलं, अक्का असत्या तर आज तरी माझं नाव घेतल्या असत्या. बसा. पिठलं हाय."

मी बसले. पिठलं खाल्लं. रडत रडत खाल्लेलं ते पिठलं फार चांगलं होतं हेही सांगते. थोड्या वेळानं यजमान दवाखान्यातून आले, भावाला घोरताना बघितलं, त्याच्या पायाला हात लावून खरंच जिवंत आहे का ते बघितलं आणि मग त्याला एक लाथ घातली. "माईकवर पुकारायचं सोडून तू इथं काय करून राहिलीस?" असं त्यांनी मला विचारलं. जाऊ माझ्याकडं बघत होती. मी म्हटलं, "गर्दी फार आहे हो."

एवढं झाल्यावर माणूस सुधारतो असं पुस्तकात असतं. मी सुधारले नाही. फक्त त्या दिवसानंतर मला नदीचं नावही घेता येईना. घ्यायला गेले की स्वयंसेवकाचा तो मऊ आवाज आठवायचा. आणि नवं नाव घेतलं तर आत्तापर्यंतची सगळी लढाई वाया. म्हणून मी तिसराच मार्ग काढला: नावच घ्यायचं नाही. "अगं", "ऐकलंस का", "इकडं बघ जरा", आणि दुसऱ्यांशी बोलताना "आमच्या दिरांची बायको". सासूबाईंनी जन्मभर सासऱ्यांचं नाव उच्चारलं नव्हतं. त्यांनी हे बरोबर ओळखलं. म्हणाल्या, "मी नवऱ्याचं नाव घेत न्हाई, तू जावेचं घेत न्हाईस. तू माझ्यापेक्षा जुन्या वळणाची निघालीस की."

मग लातूरला क्लासेसचे दिवस आले. दहावीला बरे मार्क पडले की किनवट, देगलूर, बिलोली, कुठलंही पोरगं ट्रंक आणि गादीची वळकटी घेऊन लातूरची गाडी धरायचं. घरोघर खोल्या भाड्यानं गेल्या आणि ज्या बाईच्या हाताला चव होती तिच्या दारात डबे दिसू लागले. माझ्या जावेनं खानावळ काढली. दिरानं दारावर पाटी रंगवून लावली: तिचं नाव, सासरचं, लाल रंगात, आणि पुढं खानावळ. पोरी तिला त्याच नावानं मावशी म्हणत. औसा रोडवर कुठल्याही रिक्षावाल्याला ते नाव सांगावं, तो दारात आणून सोडायचा. असं मला लोकांनी सांगितलं. मी ते कधी सांगून बघितलं नव्हतं.

माझ्या मुलीला लातूरला जायचं होतं, आणि काकूकडंच राहायचं होतं. वसतिगृहं भरलेली, आणि मुलगी कुठल्याही परक्याच्या खोलीवर ठेवायला यजमान तयार नव्हते. म्हणजे काकूनं हो म्हटलं तर लातूर, नाही तर नांदेड. मी खानावळीशेजारच्या दुकानात फोन लावला.

"कुणाला बोलवू?" दुकानदार म्हणाला.

"खानावळवाल्या बाईंना."

"हितं तीन खानावळी हायत. नाव सांगा."

मी फोन ठेवून दिला. मुलगी शेजारी उभी होती. तिनं फोन उचलला, नंबर फिरवला, नाव सांगितलं, आणि माझा पदर नीट होईपर्यंत तिचं बोलणं संपलंसुद्धा.

"काकू म्हणाली, ये."

"तू ते नाव घेतलंस?"

"आई, काकूचं तेच नाव आहे." मग जरा थांबून म्हणाली, "काकू म्हणाली, आईला पण घेऊन ये. तिच्याशी काम आहे."

आम्ही ट्रंक घेऊन पोचलो तेव्हा जेवणाची वेळ होती. आत पोरी ताटं घेऊन बसल्या होत्या. दीर ओट्यावर लसूण सोलत होते. जाऊ दारात आली, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, ट्रंक आत घेतली, मुलीला आत घेतलं आणि मग दोन्ही हात चौकटीला लावून दारात उभी राहिली.

"पोरगी आत," ती म्हणाली. "अक्का बाहेर."

"म्हणजे?"

"नाव घ्या."

नव्या जोडप्याला उंबऱ्यात अडवून नणंदा नाव घ्यायला लावतात, तसं. माझ्यासारख्या, केसांत पांढरं आलेल्या, तोवर मुख्याध्यापिका झालेल्या बाईला. आतल्या पोरींना कळायचं ते कळलं. हातात भाकरीचे तुकडे घेऊनच त्या दाराशी गोळा झाल्या आणि "नाव घ्या, नाव घ्या" सुरू झालं. माझी मुलगी त्यांच्यात सगळ्यात पुढं होती.

"हे बघ," मी म्हटलं, "हा थट्टेचा विषय नाही. माझं एक तत्त्व आहे."

"हाय ना. म्या कुठं न्हाई म्हणले? तुमच्या शाळेच्या त्या मालकाला काय म्हणता तुम्ही?"

"कुणाला? दादासाहेबांना?"

"त्याच्या आईबापानं पाळण्यात दादासाहेब ठेवलं होतं का नाव?"

दीर लसूण सोलायचे थांबले. दादासाहेब आमच्या संस्थेचे अध्यक्ष, वयानं माझ्याहून लहान. सगळ्यांनी आपल्याला दादासाहेबच म्हणावं ही त्यांची इच्छा, आणि बदल्या त्यांच्या हातात. मी त्यांना दादासाहेब म्हणत असे. एकदाही जीभ अडखळली नव्हती. उलट कार्यक्रमात कुणी नुसतं नाव घेतलं तर मी खालच्या आवाजात दुरुस्त करत असे.

"त्यांना जे पायजे ते म्हणता," जाऊ म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मला जे पायजे ते म्हणत न्हाई. मी तुमची बदली करत न्हाई म्हणून का?"

"तुझ्यावर ते नाव लादलं होतं म्हणून," मी म्हटलं. पण आता त्यात जोर नव्हता.

"कुणी लादलं? म्या सांगायला आले तर तुम्ही बोलूच दिलं न्हाई. आमच्या आजीचं नाव नदीचं. तिच्या चारी लेकांनी पहिल्या पोरीला आजीचंच नाव ठेवलं. एका घरात चार पोरी एका नावाच्या. मग कसं ओळखायचं? थोरली, बुटकी, शेंबडी, आन् मी काळी. नुसतं नाव माझं कुणी कधी घेतलंच न्हाई. तुम्ही जवा जवा हाक मारली, मला पुढचं ऐकूच येतंय, काळी म्हणून."

पोरींचं "नाव घ्या" थांबलं होतं.

"लग्न ठरलं तवा ह्यांनी माझ्या भावाच्या हाती निरोप दिला," तिनं दिराकडं हनुवटी केली. "तांदळात काय लिहू, तिलाच इचार म्हणून. आमच्या गावाला एक नर्सबाई यायच्या, सायकलीवर, हातात घड्याळ. त्यांचं नाव मला लई आवडायचं. म्या तेच सांगितलं. माझ्या जन्मात म्या निवडलेली ती एकच वस्तू, अक्का. साडीसुद्धा सासूबाईंनी निवडली."

मी दिराकडं बघितलं. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही कधी इचारलंच न्हाई." आणि पुन्हा लसूण सोलायला लागले. इतकी वर्षं हा माणूस माझ्या समोर बसून जेवत होता.

मला एकच सुचलं, आणि ते मी बोलूनही गेले. "पण सासूबाईंच्या त्या पद्धतीविरुद्ध मी..."

"मग त्यांचं नाव घ्यायचं सोडायचं होतं," ती म्हणाली.

"त्यांचं नाव तर तसंही कुणी घेत नव्हतं."

यावर ती हसली. पदर तोंडावर घेऊन, लग्नातल्यासारखी, पण दुसरा हात चौकटीवरून काढला नाही. हसून झाल्यावर ती माझ्याकडं बघत तशीच उभी राहिली, आणि मला दिसलं की तिला थट्टा करायची नव्हती. पोरी जमवल्या होत्या त्या मला लाजवायला नाही. तिला ते नाव माझ्या तोंडून, तिच्या दारात, चार लोकांपुढं ऐकायचं होतं. इतक्या वर्षांत तेवढं एकच तिनं माझ्याकडं मागितलं होतं.

माझं तत्त्व चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. परवा एका लग्नात तांदळाचं ताट फिरलं तेव्हा मी नवरीलाच विचारलं, हे तू सांगितलंस का. ती म्हणाली, नाही. तर मी पेढा घेतला नाही, मधुमेहाचं निमित्त नसतानासुद्धा. पण त्या दिवशी त्या दारात विचारायची वेळ कधीच निघून गेली होती. आता फक्त म्हणायचं राहिलं होतं.

मी नाव घेतलं. इतकी वर्षं जीभ त्या अक्षरांवरून फिरलीच नव्हती, त्यामुळं ते शाळेतल्या पहिलीच्या पोरीनं वाचल्यासारखं आलं, तुटक आणि बारीक.

"ऐकू न्हाई आलं," ती म्हणाली.

मी जरा मोठ्यानं घेतलं.

"मागच्या पोरींना ऐकू न्हाई आलं."

मग मी वर्ग शांत करायला लावायचे तो आवाज लावला आणि असं घेतलं की शेजारच्या दुकानदारानं मान बाहेर काढली. तिनं ते पुरतं ऐकून घेतलं. मग चौकटीवरचा हात काढला, पदरानं चेहरा पुसला आणि माझ्या मुलीला म्हणाली, "जा गं, तुझ्या आईला पाणी दे. घसा बसला तिचा." आणि मला, "या अक्का. पाय धुवा. भाकरी गार होऊन राहिल्या."